गाळसाहेबांचा पायगुण

माझं लग्न ठरवायला आम्ही मुरगूडहून कोल्हापुरात आलो होतो. भावी सासऱ्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पावणं, काय करतायसा?"

"बंदरात आहे. समुद्रातला गाळ काढायच्या कामावर."

ते स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्यांदा म्हणाले, "अगं, च्या टाक. आन् परसातला हौद कवा धुतलाय, ते बी सांग पावण्यास्नी."

हौद मी लग्नानंतर धुऊन दिला. पण कोल्हापुरात घर करून बंदराची नोकरी करणाऱ्या माणसाची कुचंबणा त्या दिवशी जी सुरू झाली, ती निवृत्त होईपर्यंत संपली नाही. आमच्या गल्लीला साखर कारखान्याची नोकरी कळते, दूध संघाची कळते, शाळेची तर कळतेच. समुद्र मात्र मलकापूर ओलांडून, घाट उतरून, पुढे बराच वेळ गेल्यावर लागतो. त्याच्या तळाशी काय आहे याची गल्लीला फिकीर नव्हती. शेजारचे सराफ म्हणायचे, "कांबळे साहेब, रस्ता केला तर दिसतो, इमारत बांधली तर दिसते. तुमचा तळ कुणाला दिसतोय?" ते चिडवायला विचारायचे, पण आमच्या धंद्यातली सगळी अडचण त्या प्रश्नात आहे.

धंदा तसा साधा आहे. नद्या आणि खाड्या रोज थोडा थोडा गाळ आणून बंदरात टाकतात. बोटीच्या बुडाखाली पाणी कमी पडलं की बोट टेकते. मग ड्रेजर नावाचं यंत्र आणून तळ उकरायचा, गाळ बार्जमध्ये, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू होडीत, भरायचा आणि लांब नेऊन टाकायचा. मी उकरणारा नव्हतो, मोजणारा होतो. होडीत उभं राहून शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडायची, तळाला टेकली की गाठी मोजायच्या आणि आकडा लिहायचा. आता समुद्र काही जागेवर राहत नाही. भरतीला मोजलं तर बंदर खोल, ओहोटीला मोजलं तर तेच बंदर उथळ. म्हणून किनाऱ्यावर एक कायमची खूण केलेली असते आणि खोली त्या खुणेपासून धरायची असते, पाण्यापासून नाही. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा. नव्याने आलेल्या पोरांना तो मीच शिकवायचो. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा, म्हणजे तुम्हाला माझी योग्य तेवढी कीव येईल.

नव्वदच्या दशकात मी किनाऱ्यावर होतो. तेव्हा ठेकेदाराला गाळाच्या घनमीटरवर पैसे मिळायचे. जितका गाळ काढेल तितके पैसे. ऐकायला हे अगदी रास्त वाटतं. पण न्हाव्याला केसांच्या वजनावर पैसे द्यायचे ठरवा आणि मग बघा. तो तुमच्या डोक्याला तेल चोळेल, केस वाढायची वाट बघेल आणि टक्कल पडायला लागलं तर तुमच्यापेक्षा जास्त हळहळेल. आमच्या एका बंदरावर एक शेठ होते. त्यांचं गाळावर असं प्रेम होतं, की बार्ज भरून निघाला तरी त्यांना गाळ दूर पाठवणं जिवावर यायचं. ठरलेल्या जागेपर्यंत न जाता त्यांची माणसं तो कोपऱ्यापलीकडे टाकून परत यायची. भरतीबरोबर गाळ बिचारा घरी यायचा. तो पुन्हा काढायचा, पुन्हा भरायचा. एका हंगामात तर बार्जमध्ये एकच फुटकी टोपली मला तीनदा भेटली. मी शेठना म्हणालो, "ही टोपली ओळखीची वाटते." ते म्हणाले, "साहेब, कोकणात टोपल्या सगळ्या सारख्याच." मी सही केली. गाळ खरोखर काढलेला होता, मोजमाप खरोखर बरोबर होतं. फक्त बंदर होतं तेवढंच उथळ राहिलं.

अशा टोपल्या ठिकठिकाणी भेटू लागल्यावर वरच्या लोकांनी नवी पद्धत आणली. किती गाळ काढला ते आम्ही विचारणार नाही. खोली अमुक इतकी ठेवायची. ठेवली तर पैसे, नाही ठेवली तर नाहीत. कसं करायचं, कधी करायचं, कुठलं यंत्र आणायचं, ते ठेकेदारानं बघावं. म्हणजे न्हाव्याला सांगायचं की बाबा, वर्षभर माझं डोकं नीट दिसलं पाहिजे, तुझी कात्री तुला लखलाभ. मला ही पद्धत मनापासून आवडली. त्या फुटक्या टोपलीवर केलेल्या सह्या मला बोचत होत्या.

दोन हजार सालानंतर माझी बदली घराजवळ झाली. आमच्या जिल्ह्यात नदीवर एका तरीच्या जागी ही नवी पद्धत छोट्या प्रमाणात करून बघायचं ठरलं. तर म्हणजे नदी ओलांडायची नाव. गावाचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. आता तिथं पूल झाला आहे. तेव्हा मात्र अलीकडच्या माणसाला पलीकडचा दवाखाना, बाजार आणि हायस्कूल गाठायचं तर नाव, नाहीतर एस.टी.नं तालुक्याला वळसा. उन्हाळ्यात नदीत गाळाचा उंचवटा उघडा पडायचा आणि नाव अडायची.

बंदराच्या कराराचा कागद वाचलेला जिल्ह्यात मी एकटाच होतो, म्हणून नदीचा करार लिहायचं काम माझ्याकडे आलं. मूळ कागद जाडजूड होता. मी तो घरी आणून, चष्मा लावून, लाल पेन्सिलीनं छाटला. लाटा, वादळ, परदेशी जहाजं, सगळं उडवलं. भरती-ओहोटीचं अख्खं प्रकरण होतं, त्यावर मोठी फुली मारली. कोल्हापुरात कुठली आली भरती! सौ. शाळेत शिकवतात, त्या शेजारी वह्या तपासत होत्या. म्हणाल्या, "इतकं कापताय, काही राहतंय का?" मी म्हटलं, "सार राहतंय." शेवटी एक सुटसुटीत वाक्य उरलं: 'पाहणीच्या दिवशी नावेच्या मार्गावर पाण्याची खोली चार फुटांपेक्षा कमी नसावी.' आणि ठेकेदारावर अन्याय नको म्हणून आणखी एक: 'पाहणीची तारीख आठ दिवस आधी कळवावी.' आमच्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली. एवढा छोटा करार त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

नाव चालवायची सुंदराक्का. पन्नाशीची, सडपातळ, काष्ट्याचं लुगडं, हातात तिच्या दुप्पट लांबीचा बांबू. नवरा गेल्यावर तरीचा ठेका तिनं स्वतःच्या नावावर करून घेतला होता. मी पहिल्यांदा मोजायला गेलो तेव्हा तिनं माझी रंगवलेली मोजकाठी हातात घेऊन खालीवर पाहिली.

"ही कशाला?"

"खोली मोजायला."

"भरल्या नावंला दोन फूट लागतंय. माझा बांबू सांगतोय की. ह्या काठीला पगार किती?"

ठेका घेतला विलासरावांनी. त्यांच्या विटांच्या भट्ट्या होत्या, गाळाची माती त्यांना हवीच होती. गोरेपान, गोल, बोलायला गोड, आणि भेटायला येताना वाडीची कवठाची बर्फी घेऊन येणारे. ती मी घरी न्यायचो नाही, पण तिथल्या तिथं एक तुकडा खायचो हे कबूल करतो. त्यांच्यात ठेकेदाराला न शोभणारी एक सवय होती. ते सही करण्याआधी करार वाचायचे. माझ्यासमोर बसून त्यांनी तो तीनदा वाचला, बोट ठेवून वाचला आणि म्हणाले, "साहेब, झ्याक लिवलाय. एक बी शब्द जास्तीचा न्हाय." मी खूष झालो. आता आठवलं की कान गरम होतात.

पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात काम सुरू झालं. तराफ्यावर यंत्र आलं, पंधरा दिवस घरघरलं, चार ट्रॉल्या माती भट्टीवर गेली आणि यंत्र काठावर झाडाखाली उभं राहिलं. तिथं त्याच्यावर कोंबड्या बसायला लागल्या. मी विचारलं तर विलासराव म्हणाले, "तुमास्नी खोलीशी मतलब न्हवं? या की मोजायला." मी तारीख कळवली, आठ दिवसांनी गेलो, मोजलं. चार फूट तीन इंच. पुढच्या महिन्यात चार फूट दोन. त्याच्या पुढच्या महिन्यात सव्वाचार. यंत्र उभं आणि खोली कायम! नवी पद्धत म्हणतात ती हीच, असं मला वाटलं. ठेकेदाराला मोकळं सोडलं की तो डोकं लावतो, हे मी ऑफिसात चारचौघांना ऐकवू लागलो. पुण्याच्या एका परिसंवादासाठी इंग्रजीत टिपणही लिहिलं.

गावातही माझी पत वाढत होती, आणि ती थोडी विचित्र रीतीनं वाढत होती. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका मला बघून हसायच्या. एकदा एकीनं सांगितलं, "सायेब, तुमी आला की आमचा धुण्याचा दगड बुडतोय बघा. मागल्या डावाला बी बुडलता." दुसरी म्हणाली, "पायगुण म्हणायचा त्यो." मी हसण्यावारी नेलं. पण काठच्या शेतकऱ्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. त्यांच्या उसाला नदीतून मोटारीनं पाणी जायचं, आणि माघ संपता संपता पाणी खाली गेलं की मोटारी हवा धरायच्या. फेब्रुवारीत चार-पाच जण माझ्या होडीपाशी येऊन उभे राहिले.

"गाळसाहेब, महिन्यातनं एकदा कशाला येतायसा? आठवड्याला या की."

"का बरं?"

"तुमी आला की मोटार पाणी वडतीया. गेला की बंद पडतीया."

त्यांतल्या एकानं खरोखर नारळ आणला होता. तो मी घेतला. आता तुम्ही म्हणाल, बी.ई. झालेल्या माणसाला हे ऐकून काही सुचलं नाही? सुचलं की. गाळ काढल्यामुळे पात्राची पाणी धरून ठेवण्याची ताकद वाढली आहे आणि लोक भोळेपणानं त्याचं श्रेय मला देत आहेत, असा शास्त्रीय खुलासा मी मनातल्या मनात केला. टिपणात एक परिच्छेदही वाढवला.

अक्का मात्र मोजताना माझ्याकडे न बघता नदीकडे बघत राहायची. मार्चमध्ये एकदा म्हणाली, "सायेब, काठीच्या वरल्या टोकाला काय बघतायसा? खाली बघा."

"खालीच टेकवलीय की काठी."

"टेकवलीया. पर बघत न्हाईसा."

अडाणी बाई उगीच कोडं घालते, असं मला वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं तसंच.

अक्षय तृतीयेच्या सुमाराला गावात एक लग्न निघालं. नवरा मुलगा अलीकडचा, मांडव पलीकडे. मुलाचे वडील मला न्यायला कोल्हापूरला आले. "साहेब, वऱ्हाडासंगं तुमी नावंत बसायचं. तुमचा पायगुण हाय. तुमी असला की नदीला पाणी चढतंय." सौं.नी माझ्याकडे अशा कौतुकानं पाहिलं, की मी चटकन होकार दिला. इस्त्रीचा सदरा घातला आणि त्याच आठवड्यात घेतलेल्या कोऱ्या कापशी चपला घातल्या.

त्या वर्षी धरणातून पाणी सोडायला उशीर झाला होता. उपसाबंदी लागली होती, म्हणजे नदीवरच्या सगळ्या मोटारींची वीज तोडली होती. नदी रोज बोटबोट उतरत होती. अक्का घाटावरच म्हणाली, "दोन खेपा करूया. एवढी माणसं एका डावात न्हाय जायाची." पण मुहूर्त जवळ आला होता आणि नावेत साक्षात पायगुण बसलेला. कुणी ऐकेना. मीही हात वर करून म्हणालो, "अक्का, सव्वाचार फूट आहे इथं. मी स्वतः मोजलंय." तिनं माझ्याकडे पाहिलं, बांबू उचलला आणि नाव ढकलली.

मधोमध जाऊन नाव टेकली. आधी हळूच, एखादं जड माणूस खुर्चीत बसावं तशी, आणि मग कायमची. अक्कानं बांबू रेटून पाहिला. पुरुषांनी उड्या मारून पाहिल्या, त्यानं ती आणखी रुतली. पलीकडच्या वाजंत्रीवाल्यांना वाटलं वऱ्हाड ऐटीत थांबलंय, म्हणून त्यांनी जास्तच जोर धरला. नाव हलकी करायला कुणीतरी उतरायला हवं होतं, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या पायांकडे गेल्या. मी उतरलो. पाणी गुडघ्याच्या खाली लागलं, पण पाय थांबेनात. ते गाळात गेले, आणखी गेले, आणि उजवा वर काढला तेव्हा चप्पल खालीच राहिली होती.

अक्का नावेच्या टोकावर उभी होती. ओरडली नाही. म्हणाली, "आता मोजा, सायेब."

मी चिखलात उभा राहून घाटाकडे पाहिलं. बायकांचा धुण्याचा दगड पाण्यापासून दोन पायऱ्या वर, कोरडा ठणठणीत, उन्हात पडला होता. मी यायचो त्या दिवशी हाच दगड बुडायचा. बायकांनी सांगितलं होतं, शेतकऱ्यांनी नारळ देऊन सांगितलं होतं, अक्कानं तोंडावर सांगितलं होतं. मी सात महिने पाणी मोजत होतो. तळ होता तिथंच होता.

नवरदेवाला खांद्यावरून नेलं. मुहूर्त गेला. दुसरा मुहूर्त तासाभरानं गुरुजींनी काढून दिला आणि लग्न लागलं, पण नवरीच्या मामांचा राग काही गेला नाही. त्यांनी तालुक्याला तक्रार केली.

पुढच्या आठवड्यात धरणातून पाणी सुटलं. मी पाहणीची तारीख कळवली आणि त्या तारखेच्या आदल्या सकाळी घाटावर न जाता, पाणी चढवतंय कोण ते बघायला, नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या बंधाऱ्यावर गेलो. आमच्याकडचे बंधारे कसे असतात ते इथल्या वाचकाला सांगायला नको, बाहेरच्यासाठी सांगतो. दगडी खांब आणि मधल्या खोबणीत एकावर एक बसवलेल्या फळ्या. त्यांना बरगे म्हणतात. बरगे घातले की मागे पाणी साठतं, काढले की उतरतं. विलासराव स्वतः छत्री घेऊन उभे होते आणि त्यांची माणसं वरच्या बाजूला बरग्यांची एक जादा ओळ बसवत होती. मला पाहून ते गडबडले नाहीत. पिशवीतून बर्फी काढली.

"या साहेब. उद्या येणार हुता न्हवं?"

"विलासराव, हे काय चाललंय?"

"खोली चाललीया. दोन दिस बरगे घालायचे, तुमी मोजून गेला की काढायचे. कायम ठेवलं तर वरच्या नदीकाठच्या मळीच्या रानातल्या उसात पाणी शिरतंय, लोकं बोंबलत्यात. आपल्याला कुणाचं नुकसान करायचं न्हाय."

"अहो, पण गाळ काढायचा ठेका आहे!"

त्यांनी खिशातून कराराची घडी काढली. ते ती सोबत बाळगत. बोट ठेवून वाचलं. "'पाण्याची खोली चार फुटांपेक्षा कमी नसावी.' दिली का न्हाय? वरनं दिली का खालनं दिली, ते कुठं लिवलंय दाखवा. गाळ हा शब्दच न्हाय ह्यात. मला वाटलं साहेबास्नी असंच पायजे हाय. म्हणून तर आठ दिस आधी कळवतायसा."

भरती-ओहोटीच्या प्रकरणावर मारलेली ती मोठी लाल फुली माझ्या डोळ्यांपुढे आली. त्याच पानांवर कायमच्या खुणेचं कलम होतं. भरती नाही म्हणून मी खूणही कापून टाकली होती. नदीला भरती नसते हे खरं, पण कोल्हापुरात ती हातानं आणता येते, हे कोल्हापूरच्याच माणसाला कळायला हवं होतं. विलासरावांनी मला फसवलं असं मला आजही म्हणवत नाही. माझा करार माझ्यापेक्षा त्यांनी नीट वाचला होता, इतकंच.

इथंच संपलं असतं तर ही नुसती फजिती होती. पण चार दिवसांनी अक्का आमच्या दारात आली. पहिल्यांदाच. हातात कागद. सौं.नी आत बोलावलं, पण ती उंबऱ्याच्या आत येईना.

"वाचा," ती मला म्हणाली. "तुमचंच अक्षार जोडलंय मागं."

तालुक्याची नोटीस होती. 'सक्षम अधिकाऱ्याच्या मोजमापांनुसार सदर मार्गावर चार फुटांहून अधिक खोली असताना नाव अडकली. सबब हा चालकाचा निष्काळजीपणा असून तरीचा ठेका रद्द का करू नये, याचा खुलासा करावा.' मागे माझी सात मोजमापं, प्रत्येकाखाली माझी वळणदार सही.

"सोळा वरसं नाव चालवतोय," अक्का म्हणाली. "पुरात चालवली. अडलेल्या बाया नेल्या दवाखान्यात. एक माणूस बुडवला न्हाय. आन् तुमी मला बसल्या जागी, कागदावर बुडवलं."

सौं.नी तिच्यासाठी चहा उंबऱ्यावरच नेला आणि स्वतःही तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसल्या. दोघी चहा प्यायल्या. मला कुणी चहा विचारला नाही.

साहेबांनी मला बोलावून समजूत घातली. करार तुमच्या हातचा, परिसंवादाला टिपण गेलंय, निवृत्तीला थोडी वर्षं उरली आहेत. 'अचानक गाळ वाहून आला' असं लिहा. नदी काही साक्ष द्यायला येत नाही. आणि बाईचं काय, तिला दुसरं काही काम मिळेल. त्यांनी हे वाईट हेतूनं सांगितलं नाही, माझ्या काळजीनंच सांगितलं. मला ते वाक्य लिहायचा मोह झाला हेही सांगून टाकतो. एक मसुदा तसा लिहिलाही. सौं.नी तो वाचला आणि वह्या तपासताना मारतात तशी त्यावर लाल फुली मारली. "तुम्ही चुकीच्या ठिकाणी मारली होती," म्हणाल्या, "ही बरोबर ठिकाणी आहे."

सुनावणीला तालुक्याच्या कार्यालयात नवीनच आलेले एक तरुण अधिकारी होते. एका बाजूला नवरीचे मामा, एका बाजूला अक्का, दाराशी अर्धं गाव. विलासरावही आले होते, त्यांना कराराविषयी काही विचारलं तर सांगायला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझी सातही मोजमापं बरोबर आहेत आणि सातही निरुपयोगी आहेत."

"म्हणजे सात महिने तुम्ही काय मोजत होता?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"पाणी."

"आणि काय मोजायला हवं होतं?"

"तळ, साहेब."

दाराशी हशा पिकला. अधिकाऱ्यांनाही हसू आवरेना, त्यांनी रुमाल तोंडाला लावला. मी बरग्यांचं सांगितलं, कापलेल्या कलमाचं सांगितलं, नारळाचंसुद्धा सांगितलं. त्या दिवशी नावेत बसताना अक्का दोन खेपा करू म्हणत होती आणि मीच हात वर करून तिला गप्प केलं, हेही सांगितलं. अधिकाऱ्यांनी अक्काला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं खोली नाही, तर वरती का कळवलं नाही?"

"ह्यास्नीच सांगितलं की," ती माझ्याकडे हात करून म्हणाली. "ह्येंच्या वर कोण हाय, आमास्नी काय ठावं?"

ठेका तिच्याकडेच राहिला. मला ठपक्याचं पत्र आलं आणि एक वेतनवाढ थांबली. पुण्याचं टिपण मी मागे घेतलं. गावात माझा पायगुण एका दिवसात संपला. मोटारवाल्यांपैकी एकानं तर चारचौघांत विचारलं, नारळाचं खोबरं गोड होतं का म्हणून.

नवा करार दुसऱ्या कुणाला लिहायला द्यावा असं मी सुचवलं. साहेब म्हणाले, "ज्यानं खड्डा केला त्यानंच भरावा." या वेळी मी कापायला बसलो नाही. नदीवर जाऊन अक्काच्या शेजारी बसलो आणि विचारलं, "कसं लिहू?" तिनं बांबू घाटाकडे केला. "घाटाच्या खालच्या पायरीला खूण करा, ती पायरी काय हालत न्हाय. आन् तारीख कुणाला सांगू नगा. आन् एक लिवा. ठेकेदारानं सोता भरल्या नावंत बसून पलीकडं जायाचं." मी तिन्ही कलमं तिच्याच शब्दांत लिहिली, फक्त 'नगा'चं 'नये' केलं.

विलासरावांनी करार तीनदा वाचला. बोट शेवटच्या कलमावर बराच वेळ थांबलं. मग हसले. "आता खालनंच द्यायला लागतंय म्हणायचं!" दुसऱ्या दिवशी यंत्रावरच्या कोंबड्या हाकलल्या. पावसाआधी आणि पावसानंतर मिळून त्यांनी इतका गाळ काढला, की भट्टीवर जागा उरली नाही. काम असं नेटकं केलं, की किनाऱ्यावरच्या शेठना आणून दाखवावं. माणूस तोच होता.

पुढच्या वर्षी उपसाबंदीतल्या एका दुपारी मी न कळवता घाटावर गेलो. विलासरावांना भट्टीवरून बोलावून घेतलं. नावेत बाजारच्या बायका, दुधाच्या किटल्या, एक सायकल, विलासराव आणि मी. अक्कानं नाव ढकलली. मधोमध आलो तेव्हा विलासरावांनी माझा दंड धरला. त्यांना पोहता येत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. नाव टेकली नाही. किंचित कुरकुरली, पुढे गेली आणि पलीकडच्या वाळूला लागली.

सगळे उतरले. मीही उतरायला लागलो, तशी अक्कानं बांबू आडवा धरला.

"भाडं."

इतक्या दिवसांत तिनं माझ्याकडून भाडं घेतलं नव्हतं. मी खिसे चाचपू लागलो.

"अक्का, माझं कधी घेत नव्हतीस."

"पावण्याचं घेत न्हाय आमी," ती म्हणाली. "काढा रुपया."

मी रुपया दिला. तिनं तो कनवटीला लावला, मला हात देऊन खाली उतरवलं आणि परतीच्या माणसांना हाळी घातली.